हेडबाई, किटली आणि एका सेकंदाचं उत्तर

"शिंग हलवू नकोस गं!" वर्षाराणी तिसऱ्यांदा ओरडली.

हेडबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, की वर्षाराणीनं सुट्टीतल्या न केलेल्या गृहपाठाबद्दल मनातल्या मनात माफीच मागून टाकली. या अशा बघण्यामुळंच त्या म्हशीचं नाव हेडबाई पडलं होतं.

उद्या दिवाळीचा पाडवा. कोल्हापुरात हा म्हशींचा दिवस. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची आणि मोटारसायकलमागं थाटात पळवायची. सातवीतली वर्षाराणी डावं शिंग रंगवत होती, तिचा चुलतभाऊ राजवीर उजवं, आणि कागलहून शेजारी मामाकडं आलेला सोमेश स्वतःचा शर्ट.

तेवढ्यात दारात एक झुपकेदार मिशीचे पाहुणे उभे राहिले. हातात स्टीलची किटली.

"या पावणं!" वर्षाराणीचे आजोबा, केरबाआबा, म्हणाले. "पण दूध सांजच्याला मिळंल."

"दूध न्हवं. म्हैस न्यायला आलोय. मी उदयसिंह, गारगोटीचा. चारला टेम्पो येतोय."

सोमेशनं किटलीकडं नीट बघितलं. "त्यात मावायची न्हाई," तो गंभीरपणे म्हणाला.

उदयसिंहांनी फोन पुढं केला. त्यांनी विचारलं होतं, 'म्हैस विकत देणार का?' खाली उत्तर होतं, 'व्हय की! कवाबी या. येताना भांडं आणा.'

"भांडं कशाला ते कळलं न्हाई," उदयसिंह म्हणाले. "म्हटलं, असंल तुमच्याकडची काय रीत."

आबांनी नंबर पाहिला. नंबर त्यांच्याच मुलाचा होता, म्हणजे राजवीरच्या वडिलांचा. आबांचा चेहरा उतरला.

"विजा!" त्यांनी अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या गल्लीतले दोन विजय बाहेर आले.

विजयसिंहकाका डोळे चोळत अंगणात आले. पहाटे तीनपासून दूध घालून ते नुकतेच आडवे झाले होते. "आईशप्पथ आबा, मी कुणालाच व्हय म्हटलेलं न्हाई!"

"मग भूत म्हटलं व्हय? नंबर तुझा, घर माझं. घरातनं शब्द गेलाय. आता म्हैस द्यावी लागंल."

"पण आबा, फोनवरचं ते..." वर्षाराणीनं तोंड उघडलं.

"तोंडानं दिला काय, फोननं दिला काय, शब्द त्यो शब्द." आबा हेडबाईजवळ गेले आणि तिच्या मानेवरनं हात फिरवत राहिले. तिची आई मेल्यावर बाटलीनं दूध पाजून त्यांनी ती वाढवली होती.

उदयसिंह मिसळ खायला गेले. तिघं पोरं गोठ्यामागं जमली.

"काल पण दोघं आलेते," राजवीर म्हणाला. "म्हशीकडंच टक लावून बघत होते. मी दूध घालून लावून दिले. एकाकडं बादली होती, दुसऱ्याकडं कुकर."

"कुकर?"

"शिट्टीसकट."

वर्षाराणी विचारात पडली. म्हैस न्यायला दोर आणतात. भांडं आणतात ते दुधाला! म्हणजे उत्तर दुधाचं होतं आणि प्रश्न म्हशीचा.

"काकांचा फोन कुठाय?"

"आत. चार्जिंगला."

"आणि काका?"

काका अंगणात आबांच्या शिव्या खात होते. दोन्ही हात रिकामे, जोडलेले.

"राजवीर, माझ्या आईचा फोन आण!" वर्षाराणी म्हणाली. "सोमेश, काकांच्या नंबरवर कायबी विचार."

सोमेशनं फार विचार केला नाही. 'तुमच्या घराचं छप्पर मिळेल का?' पाठवलं.

टिंग! एका सेकंदात उत्तर. 'व्हय की! कवाबी या. येताना भांडं आणा.'

तिघांनी अंगणात पाहिलं. काकांचे हात अजून जोडलेलेच होते!

चारच्या ठोक्याला टेम्पो आला. वर्षाराणीनं काकांचा फोन आणून सगळ्यांच्या मध्ये बाजल्यावर ठेवला. "उदयसिंहकाका, आता कायबी मागा. या फोनला कुणी हात लावायचा न्हाई."

उदयसिंहांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'केरबांची टोपी द्या.'

टिंग! टोपीसुद्धा मिळाली. आबांनी पटकन डोकं झाकलं.

विजयसिंहकाकांनी कपाळावर हात मारला. "आयला! दसऱ्याला मीच लावलाय की! दुधाच्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं न्हाई म्हणून. ऑटो रिप्लाय!"

"म्हणजे काय ते मराठीत सांग," आबा गुरगुरले.

"दारात टांगलेला पोपट, आबा," वर्षाराणी म्हणाली. "कुणीबी आलं की एकच वाक्य बोलणार. प्रश्न काय ते त्याला कळत न्हाई."

"पण फोनवर 'ऑनलाइन' दिसत होतं," उदयसिंह म्हणाले.

"ऑनलाइन म्हणजे दार उघडं. माणूस घरात जागा असंलच असं न्हाई. आणि काकांनी दुधाच्या नंबरला डीपी लावलाय हेडबाईचा. डीपी म्हणजे दुकानाची पाटी. पाटीवर म्हैस, म्हणून लोक म्हैसच मागायला लागले. कुणीतरी तो फोटो नंबरासकट फॉरवर्ड केला."

"फॉरवर्ड?"

"एका कट्ट्यावर ऐकलेलं दुसऱ्या कट्ट्यावर सांगायचं. खरं-खोटं न विचारता."

"हां. म्हणजे हंबीरराव," आबांना लगेच कळलं. हंबीरराव कोपऱ्यावरचे केशकर्तनालयवाले.

"मग एवढे निरोप आले तरी तुम्हाला कळलं कसं न्हाई?" राजवीरनं बापाला विचारलं.

"नोटिफिकेशन बंद केलंतं. फोन सारखा टिंग टिंग करतोय म्हणून." न वाचलेले निरोप दोनशे बारा होते.

सगळे हसले. आबा मात्र हसले नाहीत. "पोपट माझ्या घरचा. त्यो बोलला म्हणजे घर बोललं. दावं सोडा."

राजवीरच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आबांशी रडून जिंकता येत नाही हे वर्षाराणीला माहीत होतं. आबांच्याच नियमानं जायला हवं.

"ठीक हाय," ती म्हणाली. "मग पोपटानं पहिला शब्द कुणाला दिला, ते बघायला पाहिजे. प्रत्येक निरोपाला तारीख असते."

ती दोनशे बारा निरोपांमधून खाली खाली गेली. पनीर, ताक, खरवस, म्हैस, पुन्हा म्हैस. म्हशीबद्दलचा सगळ्यात जुना निरोप उदयसिंहांच्या नऊ दिवस आधीचा होता. तिनं मोठ्यानं वाचला. "'म्हैस कुणाला द्यायची न्हाई हां बाळा, कबूल?' उत्तर, 'व्हय की! कवाबी या. येताना भांडं आणा.'"

"कुणाचा हाय?" आबांनी विचारलं.

"माझा!" उंबऱ्यावरून विजयसिंहकाकांची आई, धोंडुआज्जी, कडाडली. "बायकांच्या ग्रुपवर फोटू फिरायला लागला. म्हणून विजाला लिवलं. तर मला म्हणतोय भांडं आणा! चाळीस वरसं ह्या घरातली भांडी मी घासतीया!"

उदयसिंहांनी किटली खाली ठेवली.

"आईला दिलेला शब्द आधीचा," ते म्हणाले. "माझा नंतरचा. केरबा, आता म्हैस नेली तर मीच खोटा ठरंन. पण पोरं लई हुशार हैत राव तुमची!"

आबांनी इतका मोठा श्वास सोडला, की हेडबाईनं कान हलवला. टेम्पो रिकामा गेला. उदयसिंह किटलीभर दूध घेऊन, चहा पिऊन गेले. विजयसिंहकाकांना दोनशे बारा जणांना स्वतःच्या हातानं उत्तर लिहायला बसवलं गेलं. धोंडुआज्जी शेजारी उभी राहून प्रत्येक उत्तर तपासत होती.

आबांनी आजवर घरातल्या कुणाचं कौतुक केलं नव्हतं. म्हशींचं करत. त्यांनी सोमेश आणि राजवीरच्या पाठीवर एकेक थाप मारली. सोमेश दोन पावलं पुढं गेला. मग ते वर्षाराणीपाशी थांबले.

"उद्या मोटारसायकल विजा चालवंल," ते म्हणाले. "मागं तू बसायचं. हाक तू मारायची."

"मी? पण ती तुमच्याशिवाय कुणाच्या हाकेला येत न्हाई!"

"येती का बघ की."

वर्षाराणी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली. घसा खाकरला. "हेडबाई!"

एका शिंगाला निळा रंग, दुसऱ्याला लाल. हेडबाईनं मान वळवली, तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि संथपणे चालत आली.