जेवलात काय?

हवालदार वंदना काशिद गाडी अडवली की कागदपत्रं नंतर मागायच्या. आधी विचारायच्या, "जेवलात काय?" अख्ख्या कासारफाट्याला हे पाठ होतं. काशिदबाई दंड करतात की पंगत वाढतात, म्हणून वर्गातल्या पोरी त्यांच्या मुलीची, शर्वरीची, टर उडवायच्या. पूर्वी तिला लाज वाटायची. या वर्षी दहावीत गेल्यापासून ती मान ताठ करून सांगायची, "वाढते. तू ये, तुलाही वाढेल."

पण आज यल्लम्माच्या जत्रेत आईच्या पोलीस चौकीचंच भवितव्य ठरणार होतं. वर्षभरापूर्वी प्रत्येक गाडीला श्वासकुलूप बसलं होतं. चालकाने चकतीवर फुंकर मारायची. श्वासात दारू सापडली तर गाडी जागची हलत नाही, नसली तर टपावर हिरवा दिवा. मग चौकी हवी कशाला? तपासणीला आलेल्या फौजदार बिरनाळेंनी 'आवश्यक पदे' या रकान्यात 'शून्य' भरून टाकलं होतं. शर्वरीने ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

दुपारी देवीची आंबील वाटली गेली आणि गंमतच झाली. आंबवलेल्या ज्वारीची ती आंबील पिऊन लोक गाडीत बसले, फुंकर मारली, आणि चाळीस गाड्या जागच्या जागी कुलूपबंद. त्यात बिरनाळे साहेबांची जीपही. वंदनाबाईंनी सगळ्यांना चुळा भरायला लावून पंधरा मिनिटं सावलीत बसवलं. तोंडातला वास उडून जातो, पोटातली दारू जात नाही. मग पुन्हा फुंकर मारली आणि सगळ्या गाड्या सुटल्या. साहेबांनी तोंड पुसलं आणि एवढी दुरुस्ती यंत्रात सहज होईल म्हणाले. शून्य तसंच राहिलं.

तेवढ्यात घाटाकडे निघालेली वडाप जीप आली. आत बायकापोरं खचाखच, टपावर हिरवा दिवा. साहेबांनी हातानेच जाऊ दे म्हटलं. वंदनाबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"जेवलात काय, शिवाप्पा?"

"बसा की," स्टिअरिंगवरचा शिवाप्पा म्हणाला. "अजून दोन शिटा बसतील."

जीपमधल्या बायका खो खो हसल्या. वंदनाबाई हसल्या नाहीत. विचारलं एक, उत्तर आलं भलतंच. त्यांनी किल्ली काढून घेतली आणि त्याला हाताला धरून लिंबाखाली नेलं. जत्रेच्या खेपा मारत तो तीन दिवस झोपला नव्हता. पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधीच त्याची मान छातीवर पडली. जीपमधलं हसणं थांबलं.

"हा प्रश्न यंत्रात घालता येईल, बाई," साहेब म्हणाले.

"घाला की. यंत्राला सगळे 'हो' म्हणतील."

शर्वरीला वाटलं, हे वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहावं, तेही ठळक खडूने. साहेबांनी शून्य खोडलं. मग तिच्याकडे वळून विचारलं, आईची ड्युटी किती तासांची?

"बारा," ती छाती फुगवून म्हणाली. "पदं सात आहेत, पण माणसं तीनच. कधी कधी सोळा तासही होतात."

"आणि सोळाव्या तासाला तिला कोण विचारतं, जेवलीस काय?"

शर्वरीने आईकडे पाहिलं. आई पुढची गाडी अडवत होती. डोळे चोळून, मग हात वर करून.