देवीदासच्या पडद्यावरचा बाण

जरा जवळ सरका पोट्ट्यांनो, थंडी आहे. आणि ईरा, तो मोबाईल उलटा ठेव, डोळ्यांत उजेड जातो. ही काही जुन्या जमान्यातली गोष्ट नाही. मागच्या डिसेंबरची, पंधरा तारखेची, सोमवारची रात्र. जागा आपल्याच रायपुरातली, तात्यापाऱ्यातली. आणि माणूस आपला देवीदास, रेल्वेत सिग्नलला होता तो.

त्या रात्री देवीदासला एक पत्रक टाइप करायचं होतं, सकाळी सदर बाजारातल्या छापखान्यात द्यायला. बुद्धविहाराची सगळी पत्रकं तोच करायचा, हातचं काम. पण हे पत्रक त्याच्या पोराचं होतं. यशदीपच्या पहिल्या स्मृतिदिनाचं.

यशदीप एकुलता एक, पुण्याला नोकरीला. सुट्टी काही मिळायची नाही, म्हणून त्यानं बापाच्या कम्प्युटरमध्ये ते सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं, तिकडे बसून इकडचा कम्प्युटर चालवायचं. सुरुवातीला जमता जमेना. पोराच्या लॅपटॉपवर लिनक्स, बापाकडे जुनं विंडोज. कधी इकडची फायरवॉल अडवायची, कधी तिकडे नुसता काळा पडदा. फोनवर बापलेकांचा दंगा चालायचा.

"बाबा, खाली कोपऱ्यात बाण दिसून राहिला का?"

"अबे, इथं ढीगभर बाण आहेत. कोणता?"

अंजनाबाई स्वयंपाकघरात हसून हसून बेजार व्हायची. शेवटी एकदाचं जमलं. मग पोरगा म्हणाला, पासवर्ड टाकून ठेवतो, म्हणजे मी केव्हाही आत येईन. देवीदास अडून बसला. "तसं नाही. इचारून यायचं." पडद्यावर 'यशदीप येऊ इच्छितो, परवानगी द्या' अशी चौकट उमटली, की त्याला पोरगा दारात उभा असल्यासारखं वाटायचं ना! तो 'हो' दाबायचा, माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवायचा, कारण दोघांनी एकदम हलवलं की बाण भांबावतो. मग आपोआप फिरणारा तो बाण पाहत बसायचा. कधीकधी तर काहीच बिघडलेलं नसायचं, तरी बोलवायचा, लबाड.

मग पुण्याला पोराचा अपघात झाला. पेटी बंदच आली. उघडू नका म्हणाले. पोराचं तोंड शेवटचं पाहायला मिळालं नाही, ना आईला, ना बापाला. वर्षभर देवीदासच्या तोंडी एकच, "एकदा तोंड पाहाले भेटलं असतं तर..." पोराचा लॅपटॉप त्याच्या कंपनीनं परत नेला, पुसूनबिसून दुसऱ्या कोणाला दिला.

आणि एक सांगतो. देवीदास पक्का बुद्धाचा माणूस. आत्मा नाही, भूत नाही. कोणी भुताचं काढलं की भर विहारात त्याची खरडपट्टी काढायचा.

तर ती रात्र. अंजनाबाई आतल्या खोलीत निजलेली. तिची झोप मोडू नये म्हणून ट्यूब बंद, फक्त पडद्याचा उजेड. मजकूर झाला. नाव टाकायची वेळ आली आणि मराठी कीबोर्डच गायब. काही दाबलं तरी इंग्रजी. यशदीपचं नाव मराठीत उमटेना. आधीही असं व्हायचं, तेव्हा तो पुण्याला फोन लावायचा. आता कोणाला लावणार? म्हातारा रडला हो. टेबलावर डोकं ठेवून रडला.

डोकं वर केलं... तर चौकट.

'यशदीप येऊ इच्छितो. परवानगी द्या.'

"काका, सच में?"

मध्ये बोलू नको, ईरा.

त्याला वाटलं, तो लॅपटॉप ज्याच्याकडे गेला त्याची ही मस्करी. त्यानं मोडेमकडे पाहिलं. सगळे दिवे विझलेले. अंजनाबाई निजताना रोज बटन बंद करायची, तसं आजही केलं होतं.

चौकट तशीच.

सगळं आयुष्य त्यानं लोकांना सांगितलं होतं, असं काही नसतं. पण पोरगा दारात उभा आहे, आणि बाप नाही म्हणेल?

त्यानं 'हो' दाबलं. हात मांडीवर घेतले.

बाण हलला.

खाली कोपऱ्यात गेला. टक्. यादी उघडली. टक्. मराठी आलं. मग बाण नावाच्या रिकाम्या जागेवर जाऊन थांबला. देवीदासनं नाव टाइप केलं. उमटलं.

"बाबू... आलास का रे?"

देवीदास पडद्याजवळ सरकला.

"एकदा तोंड दाखव. मले दुसरं काही नको."

बाण डावीकडे गेला. पडद्याच्या कडेला टेकला. मध्ये आला. पुन्हा डावीकडे.

"काय दाखवून राहिला? कोणती फाईल?"

तिथं काहीच नव्हतं. देवीदासनं चष्मा पुसला. पडद्यात आणखी वाकला.

डावीकडे... पुन्हा डावीकडे...

"नाही समजून राहिलं रे मले..."

बाण थांबला.

मग दुसरी चौकट आली. 'यशदीप बाहेर पडले.'

"कोणाशी बोलून राहिले हो?" अंजनाबाई उठून आली. तिनं ट्यूब लावली. देवीदासनं रडत रडत तिला सगळं सांगितलं, चौकट, नाव, बाण कसा डावीकडे धडकत होता, सगळं. तिचं लक्ष मात्र टेबलावर होतं.

माऊस उजव्या हाताला नव्हता. त्याची वायर कीबोर्डच्या मागून वळून आलेली, आणि माऊस पार डावीकडे, टेबलाच्या कडेला. देवीदासचा डावा हात कशाच्याच कामाचा नाही, लहानपणी मोडलेला. घरात डावखुरा एकच होता, यशदीप.

अंजनाबाईनं माऊसवर तळवा ठेवला. तो गरम होता. तिनं हात काढलाच नाही. उभ्या उभ्या ती इतकंच म्हणाली,

"तुम्ही बाजूले काहून नाही पाहिलं हो?"