पंप दमतो कशाने?

पंप नवा होता, दणकट होता, आणि त्यात साधी चिंधीसुद्धा अडकलेली नव्हती. तरीही पाच महिन्यांत त्याची मोटर तीनदा जळली होती. हे कोडं नवतळ्यात कुणालाच सुटत नव्हतं.

नवतळा म्हणजे टेकडीच्या उतारावर वसवलेली पाचशे घरांची वस्ती. घराघरांतलं सांडपाणी उतारानं खाली येऊन एका खोल हौदात पडे. तिथून पंप ते उचलून पलीकडच्या शुद्धीकरण केंद्रात (घाण पाणी स्वच्छ करण्याच्या जागी) पाठवी. पंप बंद पडला की हौद भरे आणि तेच पाणी उलटं फिरून खालच्या आळीतल्या चौदा घरांच्या न्हाणीघरांत वर येई. त्यातलं एक घर फिरदौसचं होतं, आणि फिरदौस सुरभीची जिवलग मैत्रीण होती.

"गुरुवारी सभा आहे," फिरदौस म्हणाली. "याहून मोठा पंप मागवणार म्हणे. तो येईपर्यंत आम्ही दुसऱ्या वस्तीत जायचं. अब्बांनी सामान बांधायला घेतलंय."

सुरभी तशीच घरी धावली. तिचे आबाजी, म्हणजे आईचे वडील, पंपघरांची रचना करण्यात जन्म घालवलेले. नवतळ्याचं पंपघरही त्यांनीच कागदावर मांडलं होतं. पण मोटर जळल्यापासून ते तिकडे फिरकले नव्हते.

"आबाजी, तुम्ही एकदा बघा तरी!"

"काय बघू, बाई? माझंच गणित चुकलं असणार," ते पुस्तकातून मान वर न करता म्हणाले. "म्हाताऱ्याचं डोकं."

"मग चूक कुठे झाली ते तरी शोधू या की!"

आबाजींनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा एकदा पुसला. मग हळूच चपला शोधू लागले.

पंपघरात डुबकी होता. डुबकी म्हणजे खेकड्यासारखा, आठ पायांचा यंत्रमानव. अशा हौदात माणसाला उतरवायची बंदी होऊन आता बरीच वर्षं झाली होती. आतली सगळी कामं डुबकीच करी.

"हौदात मी राहतो," डुबकी म्हणाला, "पण मला काही विचारायला आलेले तुम्हीच पहिले."

"मग आता विचारते. पंप दिवसभर काय करतो?" सुरभीनं विचारलं.

"दचकतो."

सकाळचे आठ वाजले होते. घरोघरी अंघोळी चालल्या होत्या, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त येण्याची वेळ. नुकतीच दुरुस्त होऊन आलेली मोटर घरघरत सुरू झाली. सुरभी मोजू लागली. चाळीस सेकंदांत पंप बंद! मग दोन मिनिटं शांतता. पुन्हा घरघर, पुन्हा चाळीस सेकंद. तासाभरात पंप बावीस वेळा सुरू झाला.

"या मोटरीला तासाला दहा वेळा सुरू होणं सोसतं, त्याहून जास्त नाही," आबाजी पुटपुटले. "सुरभी, सायकलवर सगळ्यात जास्त जोर कधी लागतो?"

"पहिलं पायडल मारताना. एकदा वेग आला की काही नाही."

"मोटरीचंही तसंच. सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहापट वीज ओढते आणि तापते. चालत राहिली तर निवते. पण हिला निवायला वेळच मिळत नाही."

"पण ती इतक्यात बंद का होते?"

डुबकीनं पाय लांब करून हौदातले दोन गोळे दाखवले. हे फ्लोट (पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होणारे गोळे). पाणी वरच्या गोळ्यापर्यंत आलं की पंप सुरू होतो आणि खालच्या गोळ्यापर्यंत उतरलं की थांबतो. दोन्ही गोळ्यांच्या मधे बाराशे लिटर पाणी मावतं.

"आता सेकंदाला दहा लिटर पाणी येतंय," आबाजी म्हणाले. "हौद भरायला?"

"एकशेवीस सेकंद. दोन मिनिटं!"

"आणि हा पंप सेकंदाला उपसतो..." आबाजींनी पंपावरची पाटी वाचली आणि ते थबकले. "चाळीस? मी तर बारा लिहिले होते!"

सुरभी बोटांवर हिशेब करू लागली. चाळीस बाहेर, दहा आत, म्हणजे दर सेकंदाला तीस लिटर कमी. बाराशे लिटर चाळीस सेकंदांत खलास! "आणि बाराचा पंप असता, तर सेकंदाला दोनच लिटर कमी झाले असते. म्हणजे तो दहा मिनिटं चालला असता! मग दोन मिनिटं विसावा. तासाला फक्त पाच वेळा सुरू!"

"म्हणजे पंप लहान आहे म्हणून जळत नाही," आबाजी सावकाश म्हणाले. "फार मोठा आहे म्हणून जळतो."

पण बाराचे चाळीस केले कुणी? दुपारी दोघांनी जुने कागद काढले. आबाजींच्या कागदावर बारा. पुढच्या कागदावर कुणीतरी 'थोडे जास्त असू द्यावे' म्हणून दीडपट करून अठरा केलेले. तिसऱ्या कागदावर पुन्हा दीडपट, सत्तावीस. चौथ्यावर पुन्हा तेच, चाळीस. हौद मात्र बाराच्याच मापाचा राहिला होता.

"आमटीत घरातल्या प्रत्येकानं येता-जाता मीठ घालावं तसं झालं हे!" सुरभी हसली.

आबाजी हसले नाहीत. "पहिलं मीठ मीच घातलं, पोरी. गरज दहाचीच होती. दोन मी जास्त धरले. थोडं जास्त धरावंच लागतं, त्यात वावगं काही नाही. पण धरले आहेत, हे कागदावर लिहिलं नाही. वाटलं, लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा स्वतःच्या गणितावर भरवसा नाही. पुढच्यांना वाटलं, ही आमटी अळणीच आहे."

"मग हे सभेत सांगा ना."

"चारचौघांत? मला?"

"फिरदौस जाईल, आबाजी."

गुरुवारी आबाजी सभेत कागद घेऊन उभे राहिले. अध्यक्षा इंदुताई नगराळे म्हणाल्या, "बसून बोला, आबाजी." पण ते उभेच राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, आपले न लिहिलेले दोन लिटरसुद्धा.

"बाप्पा! म्हणजे आणखी मोठा पंप आणला असता तर?" इंदुताईंनी विचारलं.

"आणखी लवकर जळला असता," सुरभी उठून म्हणाली. "हौदाला शोभतील असे बारा-बाराचे दोन पंप बसवा. एकदा एकानं चालायचं, पुढच्या वेळी दुसऱ्यानं. एक बिघडला तरी दुसरा आहेच. खरी काळजी घेणं ते!"

"आणि ते येईपर्यंत?" मागून फिरदौसच्या अब्बांनी विचारलं.

"केंद्रात बाराचा एक जुना पंप पडून आहे," आबाजी म्हणाले. "तो शनिवारपर्यंत बसेल. मी स्वतः उभा राहतो."

ते खरोखरच उभे राहिले, भर उन्हात, छत्री घेऊन. खालच्या आळीतलं एकही घर हललं नाही. पुढे दोन नवे पंप आले आणि मोटर पुन्हा जळली नाही.

काही महिन्यांनी नदीपलीकडच्या वस्तीचा निरोप आला: 'तुमचं पंपघर उत्तम चालतं असं ऐकलं. आम्हाला पिण्याचं पाणी डोंगरावर चढवायचं आहे. तोच नकाशा पाठवावा.'

आबाजींनी निरोपाचा कागद सुरभीपुढे सरकवला. "उत्तर तू लिही. मी नंतर वाचीन."

सुरभी आणि फिरदौस ओट्यावर बसल्या. सुरभीनं लिहिलं, 'आमच्या मापाचं पंपघर तुम्हाला बसणार नाही. तुमचं तुमच्यासाठीच आखावं लागेल. म्हणून आधी सांगा: माणसं किती? पाणी किती उंच चढवायचं? नळ किती लांब?'

"आणि हेही विचार," फिरदौस तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "सकाळी सगळे एकदमच अंघोळीला जातात का?"