पिल्लं सोडणारं जाळं

आमच्या बंदराला एक कोडं काही सुटत नव्हतं. होड्या मोठ्या झाल्या, जाळी बारीक झाली, तरी टोपल्यांत पापलेट दर वर्षी कमीच. २०४१ साल होतं ते. मी, जयू, दहा वर्षांची होते आणि माझ्या आबांनी होडी विकायची पाटी लावली होती.

मच्छीमार सोसायटीत एक यंत्रमानव होता. होडीत चढला की तो बंद पडे, म्हणून सगळे त्याला थट्टेने तांडेल (होडीचा प्रमुख) म्हणत. एकदा त्याने माझ्या तळहातावर छोटंसं पापलेट ठेवलं.

"ही मादी आहे. हिने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत. हिला पकडलं, की पुढची हजारो पिल्लंही गेली."

"मग आबा, मोठ्या आसाचं (छिद्राचं) जाळं टाका ना," मी शेजारी उभ्या आबांना म्हणाले.

"मी सोडलेली पिल्लं हा मोतीराम नाखवा पकडेल, गो."

"पकडणारच," शेजारचा नाखवा म्हणाला. "मी काय उपास धरलाय?"

"म्हणूनच कायदा लागतो," तांडेल म्हणाला. "एकटा थांबला तर त्याचंच नुकसान. सगळे एकदम थांबले तर कुणीच मागे पडत नाही."

किनाऱ्याचे कायदे तेव्हा बंदरांच्या सभाच करत. आमच्या सभेने बारीक जाळं बंद केलं. सरकारने जाळी बदलून दिली आणि दोन वर्षं घरोघरी धान्य पुरवलं. तांडेलने एक कलम (कायद्यातला नियम) आग्रहाने घालायला लावलं. हा कायदा रद्द करायचा तर मुलांचीही संमती हवी, कारण समुद्र जास्त वर्षं तीच वापरणार.

दुसऱ्या वर्षी टोपल्या आणखी हलक्या झाल्या. नाखव्याने कायदा रद्द करण्यासाठी सभा बोलावली. मोठ्यांचे हात वर गेले, आबांचासुद्धा. मग आम्हां तेवीस मुलांना विचारलं.

"जयू, होडी जाईल बघ," आबा हळूच म्हणाले.

मी म्हणाले, "आबा, पिल्लं वाढायला अजून एक वर्ष लागेल. एवढंच थांबा."

मी हात खालीच ठेवला. बाकीच्या बावीस जणांनीही.

आबांनी पाटी काढली नाही, पण होडीही विकली नाही.

तिसऱ्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत, जाळं ओढायला आबांना नाखव्याला हाक मारावी लागली. एकेक पापलेट ताटात मावेना. बंदरावर ताशा वाजला. तांडेल आनंदाने होडीत चढला आणि बंद पडला. आबांनी ती पाटी मोडून चुलीत घातली.

आजही सभेत मुलांचा बाक सर्वांत पुढे असतो. यंदा खाडीतल्या खारफुटीचा प्रश्न आहे. माझी पणती कालपासून मोठ्यांना विचारायचे प्रश्न लिहून काढते आहे. वही अर्धी भरलीय.