मुकुंदाच्या वाटणीचं दही

सोमवारी सकाळी वृंदा नेहमीसारखी दुधाच्या डेपोवर गेली. कार्ड दाखवून एक बाटली घेतली आणि खिडकीतल्या बाईला सांगितलं की शुक्रवारपासून आपलं दूध बंद. "कोथाय जाच्छेन, दिदि?" बाईनं विचारलं. "कॅनडा," वृंदा म्हणाली. बाईनं नुसती मान डोलावली आणि पुढच्या माणसाचं कार्ड घेतलं. कलकत्त्यात बालीगंजच्या त्या गल्लीत १९७३ साली परदेशी जाण्याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. दर दोन घरांआड एक मुलगा गेलेला होता आणि उरलेले पासपोर्टच्या रांगेत उभे होते.

नवल होतं ते वृंदासारखी बाई जातेय याचं. वय छत्तीस, लग्न नाही, एस्प्लनेडजवळच्या एका कचेरीत टायपिस्ट. वडील ती कॉलेजात असतानाच गेले. तेव्हापासून घर तिच्या नोकरीवर आणि आई तिच्या भरवशावर. जाण्याचा मान त्या घरात एकट्या मुकुंदाचा. तो तिचा भाऊ, तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा.

पण ही गोष्ट दह्यापासूनच सांगायला हवी.

वृंदाची आई शारदाबाई लग्न होऊन साताऱ्याहून कलकत्त्याला आली, ती पितळी डब्यात माहेरचं विरजण घेऊन. वाटेत नागपूरच्या स्टेशनावर दूध विकत घेऊन तिनं ते पुन्हा लावलं, म्हणून जगलं. इथलं गोड दही तिनं कधी तोंडाला लावलं नाही. काळ्या दगडीत, दगडाच्या त्या भांड्यात, तिचं ते घट्ट, आंबटसर दही रोज लागायचं आणि त्यातला पहिला चमचा, वरच्या सायीसकट, मुकुंदाचा. वृंदानं हात पुढे केला की मनगटावर चापट बसायची. "ते त्याचं आहे." चापट जोरात नसायची. पण वृंदा ती विसरली नव्हती.

१९६७ साली मुकुंद टोरांटोला निघाला. दारात आईनं त्याच्या हातावर दही घातलं. लांब जाणाऱ्याच्या तळव्यावर चमचाभर दही घालायचं, त्यानं ते चाटून निघायचं, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो, हे मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. मुकुंदाच्या अंगावर नवा सूट होता. त्यानं खिशातून रुमाल काढला, तळवा स्वच्छ पुसला आणि रुमाल वृंदाच्या हातात दिला. "एवढा धुऊन टाक गं." टॅक्सी गेली. आई आत निघून गेली आणि रुमाल वृंदानं धुतला. दुसऱ्यांचं असं सगळं धुणं तिच्याच वाट्याचं असायचं.

पुढची पाच वर्षं आई त्या न चाटलेल्या चमच्याचा घोर लावून जगली. रोज तिन्हीसांजेला दगडीतला पहिला चमचा वाटीत काढायची आणि खिडकीत ठेवायची. "तिकडे आता त्याची सकाळ होते," म्हणायची. महाराष्ट्र मंडळातलं कुणी तिकडे निघालंय असं कळलं, की मेतकुटाचा डबा घेऊन त्यांच्या दारात हजर. "जाताच आहात, तर एवढं मुकुंदाला द्या." लोक पाठीमागे हसायचे, पण न्यायचे. पोच म्हणून मुकुंदाचं पत्र कधी यायचं, बहुधा नाहीच.

शेवटची दोन वर्षं आई अंथरुणाला खिळली. तिला न्हाऊ घालणं, औषधं, रात्रीची जागरणं, खिडकीतली दह्याची वाटीसुद्धा, सगळं वृंदानं केलं. मुकुंदाला तार केली, तर उलटी तार आली की रजा मिळत नाही. आईचा हात वृंदाच्या हातात होता आणि शेवटचे शब्द होते, "मुकुंद आला का?" याची चीड कुणाला येणार नाही?

तेरावं झाल्यावर वृंदानं विरजण मोरीत ओतलं, दगडी राखेनं घासली आणि फळीवर पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी दगडी सुलटी होती. आत काठोकाठ दही लागलेलं. संध्याकाळी कचेरीतून येऊन पाहिलं, तर वरचा एक चमचा कमी.

तिनं ते ओतून दिलं, पुन्हा लागलं. आठवडाभर घरात दुधाचा थेंब आणला नाही, तरी लागलं. स्वयंपाकघराला कुलूप घातलं, तर कुलपाच्या आड लागलं. दिवे लागणीच्या सुमाराला आतून आंबूस वास यायचा आणि त्यात आईच्या अंगाला लावायच्या कापूरतेलाचा वास मिसळलेला असायचा. वृंदा बाहेरच्या खोलीत पाय पोटाशी घेऊन बसायची.

भीती पहिले चार-सहा दिवस पुरली. मग उरला तो संताप. मेल्यावरही ही बाई त्याच्यासाठीच दही लावतेय! "अगं, मी आहे ना इथं..." एकदा ती दाराशी उभी राहून म्हणाली. आत काहीच हललं नाही. त्या दह्याचं बोट चाटायची मात्र तिला कधी हिंमत झाली नाही.

मग महिन्याभरानं मुकुंदाचं पत्र आलं. तू एकटी पडलीस, इकडेच ये, कागदपत्रांचं मी बघतो. वृंदा ते पत्र छातीशी धरून रडली. कुणाला तरी आपली आठवण आहे! अर्ज, दाखले, डॉक्टरी तपासणी यांत वर्ष गेलं. जून उजाडायच्या आत पोचली नाही, तर व्हिसा रद्द होणार होता. पुन्हा मिळण्याची आशा नव्हती आणि कचेरीचा राजीनामा तर देऊन झाला होता.

बुधवारी संध्याकाळी त्याचं आणखी एक पत्र आलं. वीज गेलेली होती. सगळी गल्ली काळोखात आणि हवा अशी कोंदलेली की कंदिलाची ज्योतसुद्धा हलत नव्हती. वृंदानं कंदील जवळ ओढला आणि पत्र उघडलं.

"वृंदे, एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. गेल्या वर्षापासून रोज सकाळी माझा उजवा तळवा ओला असतो. पांढरं, चिकट, आंबट वासाचं. डॉक्टरांनी मलमं दिली. हातमोजा घालून झोपतो, तरी मोज्याच्या आत असतं. पुसलं की पुन्हा येतं. इथं माझ्या हातात कुणी हात देत नाही. म्हणून तुला बोलावलं. निघताना आईची ती दगडी फोडून ये. आणि तरी थांबलं नाही, तर तू जवळ असशीलच. तिचं सगळं तुलाच जमायचं."

वृंदानं ते दोनदा वाचलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे बोलावलं ते यासाठी! बहीण एकटी पडली म्हणून नाही, हात पुसायला कुणी हवं म्हणून. रुमाल धुवायला.

तेवढ्यात स्वयंपाकघरात आवाज झाला. दगडावर चमचा घासल्याचा... एकदा... मग पुन्हा.

ती कंदील घेऊन उठली. रागानंच तिला पुढे ढकललं. कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. फळीवर दगडी होती. तिच्या डोळ्यांदेखत दह्याच्या सायीत एक खळगा पडला आणि सावकाश पाण्यानं भरला.

"आई... त्यानं तुझी दगडी फोडून यायला सांगितलंय... ऐकतेस?"

वास दाटला.

"मी नाही फोडणार. तुमचं दोघांचं तुम्ही बघा. जन्मभर तुमच्या दोघांच्या मध्ये मी हमाली केली. आता बास. परवा मी जातेय... टोरांटोला. तिथं मला काम मिळेल, माझं घर होईल. त्याच्या घरी चार दिवस राहीन आणि निघेन."

टोरांटोचं नाव निघालं आणि तो वास एकदम थांबला. आत कुणीतरी कान देऊन ऐकतंय असं तिला वाटलं. दार लोटून ती बाहेर आली, ती पुन्हा तिकडे फिरकलीच नाही.

शुक्रवारी निघण्याआधी तिनं एकदा डोकावून पाहिलं. दगडी रिकामी होती. आतून कोरडी ठणठणीत, चौदा महिन्यांत पहिल्यांदाच. वृंदानं तिच्यावरून हात फिरवला आणि इतक्या दिवसांचा श्वास सोडला. सुटले, असं तिला वाटलं.

पोचवायला श्यामराव काका आले होते, वडिलांचे जुने स्नेही. टॅक्सीत सामान ठेवून झाल्यावर ते दारात घुटमळले.

"हातावर दही घेतलंस का, पोरी?"

"कोण घालणार, काका?"

"मी घालतो की. घरात आहे का चमचाभर?"

"नाही. आता नाही," वृंदा म्हणाली आणि कुलूप लावलं. असं दह्याविना निघणं तिला लागलं नाही, असं खोटं कशाला सांगा. पण परत येण्यासाठी ती निघालीच नव्हती.

डमडम विमानतळावर काका काचेच्या अलीकडे राहिले. पासपोर्टच्या खिडकीशी तिचा नंबर आला तेव्हा बाहेर तिन्हीसांज झाली होती. दिवे एकदा मंद झाले आणि पुन्हा उजळले. अधिकाऱ्यानं पासपोर्ट चाळला, मग थांबला.

"दिदि... हाते की?"

तिच्या उजव्या हाताकडे तो बघत होता. मूठ केव्हा मिटली तिला कळलं नव्हतं. तळवा गार लागत होता. तिनं मूठ उघडली. चमचाभर दही होतं. घट्ट, पांढरं, वरच्या सायीसकट. आणि कापूरतेलाचा वास.

भीती वाटायला हवी होती, पण वृंदाचे डोळे भरून आले. आईनं माझ्या हातावर दही घातलं! छत्तिसाव्या वर्षी का होईना, घातलं. परत यायला लागलं तर येईन, असंसुद्धा त्या क्षणी तिच्या मनात येऊन गेलं. तिनं तळवा तोंडाशी नेला.

मनगटावर चापट बसली.

जोरात नव्हती. पण आवाज अधिकाऱ्यालाही ऐकू गेला, कारण तो खुर्चीत मागे सरकला. गोऱ्या मनगटावर चार बोटं हळूहळू लाल उमटत होती. दह्याचा थेंबही सांडला नव्हता.

तेव्हा कुठे वृंदाच्या लक्षात आलं. कुणी तिकडे निघालंय असं कळलं, की आई काय करायची. मेतकुटाचा डबा घेऊन दारात. "जाताच आहात, तर एवढं मुकुंदाला द्या."

मेलीस तरी... मेलीस तरी मला नाहीच! तिनं डाव्या हातानं रुमाल ओढून काढला आणि खसाखसा तळवा पुसला. रुमाल दूर होतो न होतो, तोच तळवा पुन्हा भरला. तेवढंच दही, तशीच साय. मागची रांग कुरकुरू लागली. अधिकाऱ्यानं तिच्याकडे न बघता शिक्का मारला आणि पासपोर्ट दोन बोटांनी पुढे सरकवला.

विमानात शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. हवाईसुंदरी पट्टा बांधायला सांगून गेली, पण वृंदाला एका हातानं तो जमेना, तेव्हा हवाईसुंदरीनंच परत येऊन, वाकून बांधून दिला. वृंदाचा उजवा हात मांडीवर उताणा होता. दिवे विझले, विमान हललं, कलकत्ता खाली राहिलं, तरी तिनं तो तस्साच धरून ठेवला, सांडू नये म्हणून.