दोन पाचला बाहेर

काम साधं होतं. कागद कारखान्याला अपघाताविना हजार दिवस पूर्ण झाले म्हणून दुपारी समारंभ, भाषणं आणि एक फोटो. तीस वर्षं वार्ताहर आहे मी. असल्या बातम्या घरून निघण्याआधीच मनात लिहून झालेल्या असतात. पुढे जे सांगतोय त्यातला एक शब्दही वाढवलेला नाही. वाढवायची गरजच पडली नाही.

समारंभाला वेळ होता, म्हणून लगद्याच्या विभागात डोकावलो. दोन पुरुष उंचीची लोखंडी टाकी, तळाशी जाड पाती आणि ओल्या कागदाचा आंबट वास. शिडीपाशी एक फिटर बुटाची नाडी आवळत होता. स्विचला छोटं कुलूप लटकलं होतं, त्यावर त्याचाच फोटो.

"आत उतरणाऱ्यानं आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात," तो म्हणाला. "मी वर येईपर्यंत पाती फिरत नाहीत. कारखान्यात माझं ऐकणारी ही एकच वस्तू."

"आणि घरी?"

"घरी मीच ऐकतो. बायको जेवायची थांबलीय, पटकन उरकतो."

तो उतरला. दोन चाळीस झाले होते. वर थांबून लक्ष ठेवणारा त्याचा जोडीदार दिसत नव्हता. नंतर कळलं, त्याला मांडवात खुर्च्या लावायला पाठवलं होतं. सुरक्षेच्या समारंभाच्या खुर्च्या.

पाचेक मिनिटांत सुरक्षा अधिकारी पाहुण्यांना घेऊन आला. पाहुण्यांना टाकी चालू बघायची होती.

"आत फिटर आहे," मी म्हणालो.

"सगळे मांडवात आहेत, साहेब."

"कुलूप आहे ना अजून."

"विसरतात हो. म्हणून तर सगळ्यांच्या जोडकिल्ल्या माझ्याकडे असतात." त्यानं जुडगा काढला.

मी त्याचं मनगट धरलं. पाहुण्यांपैकी दोघांनी माझे दंड धरले. मी टाकीच्या दिशेनं ओरडत राहिलो, पण कुलूप निघालं, टाकीत पाणी सुटलं आणि त्या धबधब्यात मला माझाच आवाज येईना. मग पाती फिरली. आधी हलका आवाज, मग क्षणभर जड, मग पुन्हा हलका... कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

टाकी रिकामी करा म्हणून मी घसा फोडला. उद्या बघू, म्हणाले. पोलीस बोलावले, तेही आले. फाटकावरच्या टाइमकीपरनं त्यांच्यापुढे फिटरचं हजेरीकार्ड ठेवलं. त्यावर छापलं होतं, दोन पाचला बाहेर.

"दोन चाळीसला मी त्याच्याशी बोललोय."

"दुसरा कुणी असेल," टाइमकीपर माझ्याकडे न बघता म्हणाला. कार्डावरची शाई त्याच्या अंगठ्याला लागली होती. पोलिसांनी चहा घेतला आणि गेले.

राहिली बायको. ती म्हणाली असती की नवरा घरी आलाच नाही, तर ते कार्ड खोटं ठरलं असतं, टाकी उघडावी लागली असती. कामगारांच्या घरांच्या ओळीकडे मी जवळजवळ पळतच गेलो. तिला हे कोणत्या तोंडानं सांगायचं, ते मात्र सुचत नव्हतं.

तिनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. झोपलेत ते."

"कोण?"

"आमचे हे. सव्वादोनला आले."

उन्हं अजून अंगणात होती. आतून मात्र गार, आंबट वास आला.

"काही बोलले?"

"नाही... ताटालाही शिवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. अंग पुसते, की पुन्हा ओलं होतं..."

दाराच्या फटीतून मला पाठ दिसली. पांघरुणाबाहेर बूट. खाटेखाली राखाडी पाणी साचत होतं.

"वहिनी, पोलिसांकडे चला. एवढंच सांगा, की..."

"काय सांगू?" तिचे डोळे भरून आले होते, तिलाही काहीतरी कळलं होतं. "घरी आलेत ना ते."

तीस वर्षांत ज्याला त्याला प्रश्न विचारून हैराण केलं मी. त्या बाईसमोर मात्र वही खिशातच ठेवली. तिचं खरं मानलं तर बातमी एवढीच उरत होती, की एक फिटर वेळेआधी घरी गेला.

मी पायरी उतरलो. शेजारची मावशी दारात उभी होती. हातात बादली.

"तिला सांगा," ती हलकेच म्हणाली, "पहिले आठ दिवस फडकी सारखी बदलावी लागतात. मग पाणी कमी होतं."

"तुमच्याकडेही...?"

"गेल्या उन्हाळ्यात आले. अजून कूस बदललेली नाही."

तिनं राखाडी पाणी गटारात ओतलं. तिच्या पलीकडचं दार उघडलं, मग त्याच्या पलीकडचं. ओळीच्या टोकापर्यंत बायका बादल्या घेऊन बाहेर येत होत्या.