घरातली शेवटची जोडी

सकाळचा चहा-रोटी उरकून एबल आणि रॉडरिक गोठलेल्या ओढ्यावर गेले, तेव्हा एबलला फक्त आपले फास काढून आणायचे होते. बर्फाला भोक पाडायचं, त्यातून सुका वासा खाली रोवायचा, वाशाला पॉपलर झाडाची हिरवी फांदी आमिष म्हणून बांधायची आणि तिच्याभोवती तारेचा फास लावायचा, ही त्यांची रीत. पण चार दिवस पाण्यात घर बांधून राहणारे बीव्हर फांद्या साफ कुरतडून नेत होते आणि फासाला शिवतही नव्हते.

"जनावर शहाणं झालंय, दाजी. चला, सोडा आता," एबल म्हणाला.

रॉडरिक एबलच्या बहिणीचा नवरा. रविवारी त्याच्या चालू लागलेल्या लेकीचा विधी होता, ती पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी तंबूबाहेर येणार होती आणि पंगतीला अख्ख्या गावाला बोलावणं होतं.

"आधीचे सहा मिळालेत. बास झाले," एबल म्हणाला. "त्या घरात आता दोनच उरलेत. जोडी ठेवायची असते."

"साल्या, बीव्हरची काळजी? जावयाच्या पंगतीत कमी पडलं तर नाक कोणाचं कापलं जाईल?"

एबल कुऱ्हाड उचलून त्याच्यामागे चालू लागला. पुढे आयुष्यभर त्याला त्या मुकाट चालण्याची चीड येत राहिली.

शेवटचं भोक बीव्हरच्या घराला लागून होतं. रॉडरिक वाकला आणि हरखून ओरडला, "अडकलाय रे! काय माजलाय बघ!"

काळ्या पाण्यात रुंद शेपूट दिसत होती.

"लोखंडी आकडी घ्या, दाजी..."

पण रॉडरिकने हातमोजा काढून खांद्यापर्यंत हात घातला होता. तो हसत होता. मग हसायचा थांबला.

"एबल... मनगटाला काहीतरी..."

पुढच्याच क्षणी त्याचा गाल बर्फावर आपटला. दात फुटल्याचा आवाज आला. एबलने त्याला कमरेला धरून ओढलं, तसं खालून दुप्पट जोराने ओढलं गेलं आणि खांदा कडकन निखळला. रॉडरिक किंचाळला. तोंड पाण्यात गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. पाणी लाल झालं.

एबलला बहिणीचा चेहरा दिसला. तिचा नवरा परत न्यायचा होता, जेवढा हाती लागेल तेवढा.

भोकाच्या काठाशी कोपर दिसताच त्याने कुऱ्हाड घातली. पहिला घाव हाडात रुतला. रॉडरिकने त्याला आईवरून शिवी दिली. दुसऱ्या घावाला तो बोलला नाही. तिसऱ्याला दोघे मागे कोसळले आणि तुटलेला हात सर्रकन खाली गेला. एबलने खिशातली तार काढली, दंडाला वेढा दिला आणि मांसात रुतेपर्यंत आवळली.

मघाशी शेपूट दिसलेला तो बीव्हर भोकात वर तरंगला. एबलने लाथेने त्याला बर्फावर फेकलं आणि रॉडरिकला बर्फगाडीवर बांधलं.

रॉडरिक वाचला. दवाखान्यात शुद्धीवर येताच म्हणाला, "माझा हात आण. कुत्र्यांनी खाल्ला तर..."

म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी एबल आपल्या जोसाया मामांना घेऊन ओढ्यावर गेला. त्याने आपले पाचही वासे वर काढले. पाचही फास उघडेच होते. एकातही काही अडकलं नव्हतं, हातही कुठे दिसत नव्हता.

"मग रॉडरिकच्या मनगटाला काय होतं?" मामांनी विचारलं.

एबल गुडघ्यावर बसला. परवाचा बीव्हर कडक होऊन बर्फावर पडलेला होता. गळ्यावर तारेची खूण नव्हती.

"एबल, इकडे ये..." मामा घराजवळच्या भोकाशी वाकले होते. "हा बघ, दुसरा."

खाली ताजा मेलेला बीव्हर होता. एबलने न रोवलेल्या एका सहाव्या वाशाला बांधलेला, तारेचे दोन वेढे देऊन, एबल पॉपलर बांधायचा तसा. मामांनी बाही वर सारली. एबलने त्यांचा दंड घट्ट धरला.

बीव्हरच्या भोवती फास होता. माणसाचा हात जाईल एवढा, गोल उघडलेला.

"मामा, घरात दोनच होते," तो कुजबुजला. "दोन्ही मेलेत..."

पाण्याखाली वासा जरासा कलला होता. दोघांच्या डोळ्यांदेखत कोणीतरी तो खालून हळूच सरळ केला.